एक लॅटिन शब्द, पाच अर्थ: मूळ अर्थ आधी शिकवावा का?

लिस्बनवासी
‘लॅटिन मूळ पक्कं करा, युरोपातल्या पाच भाषा आपोआप उलगडतील’ असं भाषेच्या वर्गांत सर्रास सांगितलं जातं. माझं स्पष्ट मत: यात शिकणाऱ्याचं नुकसान आहे. एकाच शब्दावरून बोलते.

लॅटिन ‘ओफिकीना’ म्हणजे कारागिराची काम करायची जागा. दक्षिण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेला, पहिल्या शतकात घडवलेल्या लाल झिलईच्या भांड्यांवर ‘ओफ’ आणि पुढे कुंभाराचं नाव असा शिक्का सापडतो. अमक्याच्या ओफिकीनेतला माल, एवढाच त्याचा अर्थ. आज माद्रिदला ‘ओफिथिना’ म्हणजे टेबल-खुर्च्यांचं कार्यालय. शेजारी लिस्बनला ‘ओफिसिना’ म्हणजे गाडी दुरुस्तीचं गॅरेज, इटलीत ‘ओफिचीना’ही बहुधा गॅरेजच. फ्रेंचांकडे याच शब्दाची दोन रूपं आहेत. उत्तरेकडच्या बोलींतून झिजत आलेलं ‘यूझिन’ म्हणजे कारखाना, आणि विद्वानांनी लॅटिनमधून पुन्हा उचललेलं ‘ओफिसिन’ म्हणजे औषधांचं दुकान. जर्मन ‘ओफित्सिन’ हा औषधविक्रेत्याकडचा नाहीतर जुन्या छापखान्याचा शब्द.

स्पेनहून आलेला माणूस इथे सहज ‘मी ओफिसिनात काम करतो’ म्हणून जातो आणि लोक त्याला मेकॅनिक समजतात. आजचा वापर आधी शिकवा. मूळ नंतर सांगा, ज्याला हौस असेल त्याला.

मुळाक्षर
पूर्ण असहमत. तुम्हीच दिलेली यादी पुन्हा वाचा. गॅरेज, कारखाना, छापखाना, औषधांचं दुकान. पूर्वी औषधविक्रेता खल-बत्ता घेऊन स्वतः औषध घोटायचा, छापखान्यात खिळे हातानं जुळवले जायचे. सगळीकडे हातानं वस्तू घडते आहे. ‘कारागिराची जागा’ हे एक लक्षात ठेवलं की चार अर्थ एका दोरीत येतात, बाहेर राहतं ते फक्त स्पॅनिश.

शिवाय मूळ सोडलंत तर एक अख्खं दालन बंद होतं. मध्ययुगीन मठांत औषधी वनस्पती साठवायच्या जागेलाही ओफिकीनाच म्हणत. म्हणून वनस्पतिशास्त्रात औषधी झाडांच्या नावापुढे ‘ऑफिसिनालिस’ लागतं. आल्याचं शास्त्रीय नाव झिंजिबर ऑफिसिनाले. आवळ्याचं कालपरवापर्यंत प्रचलित असलेलं नाव एम्ब्लिका ऑफिसिनालिस, आपल्याकडच्या च्यवनप्राशाच्या डब्यांवर ते कित्येकांनी वाचलेलं असेल. माद्रिदचं कार्यालय आधी शिकलेल्या मुलाला ही नावं कशी उमगणार?

लिस्बनवासी
@मुळाक्षर, ‘बाहेर राहतं ते फक्त स्पॅनिश’? 20 देशांची राजभाषा आहे ती! तुमच्या नियमाला जो अपवाद आहे, तोच अर्थ सर्वांत जास्त लोकांच्या तोंडी आहे. आणि फ्रेंच वर्तमानपत्रांत ‘ओफिसिन’ आणखी एका अर्थानं येतो: पडद्याआडून हेरगिरी किंवा बदनामीचे उद्योग करणारी संशयास्पद टोळी. मठातल्या औषधी कोठारावरून हा अर्थ कोणाला सुचेल?

मांडवीकाठ
दोघांनीही या शब्दाच्या जुळ्या भावंडाला हात लावलेला नाही. ‘ओफिकियुम’ म्हणजे कर्तव्य. रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोनं इ.स.पू. 44 मध्ये मुलाला उद्देशून ग्रंथ लिहिला, त्याचं नावच ‘कर्तव्यांविषयी’ असं आहे. याच कर्तव्यावरून इंग्रजी ‘ऑफिस’ आलं आणि ते आपण मराठीत घेतलं. स्पॅनिशमध्ये मात्र ‘ओफिथियो’ म्हणजे सुताराचा, लोहाराचा हातचा धंदा. म्हणजे पुरती अदलाबदल झाली बघा: कार्यशाळेचं कार्यालय झालं आणि कर्तव्याची कारागिरी.

आम्हा गोंयकारांना हा शब्द वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं, त्याचं नाव ‘सांतु ओफिसियु’. ते ‘पवित्र कार्यालय’ असं मराठीत आणणारा आजच्या अर्थाला फसला, ‘पवित्र कर्तव्य’ म्हणणारा मुळाला फसला. ते धर्मन्यायालय होतं. 1563 मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवर पोर्तुगीज ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता, त्यांची हाडं मृत्यूनंतर कबरीतून उकरून 1580 मध्ये या न्यायालयाच्या हुकमानं जाळली गेली. माझं म्हणणं तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे: शब्द कोणत्या शतकात, कोणाच्या कागदावर आहे ते आधी पाहा.

कागदपत्रे_भाषांतर
मी लिस्बनवासी ताईंच्या बाजूनं. पोटासाठी भाषांतर करतो, रोज हेच समोर येतं. पोर्तुगीज भाडेकरारातलं ‘इश्क्रितोरियु’ म्हणजे कार्यालय, आणि स्पॅनिश बिलातलं तेच ‘एस्क्रितोरियो’ म्हणजे लिहायचं टेबल. दोघांचं मूळ एक, ‘लिहिण्याची जागा’. त्या मुळावर विसंबून कोणी सही केली तर टेबलाच्या जागी अख्खं दालन भाड्यानं घेऊन बसेल. मांडवीकाठ यांचं शतकाचं म्हणणं जुन्या दप्तरांना लागू, पण माझ्या टेबलावर कालच छापलेला करार असतो.

मुळाक्षर
करारासाठी शब्दकोश उघडावाच लागतो, त्यावर वाद नाही. वाद शिकण्याच्या क्रमाचा आहे. ओफिकीना आणि ओफिकियुम दोन्हींच्या पोटात ‘ओपुस’ म्हणजे काम आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं आहे. स्पॅनिशनंही ‘काम करायची जागा’ सोडलेली नाही, तिथलं काम तेवढं बदललं, हातोड्याच्या जागी लेखणी आली. हे एका दमात सांगता येतं, आणि सांगितलेलं मूल पाच सुटे अर्थ घोकत बसत नाही.

लिस्बनवासी
अर्थ कळल्यावर मागे वळून दोर जोडता येतो, हे मलाही मान्य आहे. पण शिकणारा उलट्या दिशेनं चालत नाही. ‘काम करायची जागा’ एवढंच हातात देऊन कोणालाही विचारा: लिस्बनला तिथे गाडी न्यायची की अर्ज? माद्रिदला? मुळातून उत्तर निघत असेल तर इथे मांडा, मी उद्यापासून माझ्या वर्गात तसंच शिकवेन.

मुळाक्षर
तेवढं निघत नाही. पण मांडवीकाठ म्हणतात तसा जुना पोर्तुगीज कागद तुमच्या विद्यार्थ्यापुढे आला आणि त्यात ‘ओफिसिना’ दिसलं, तर गॅरेज एवढंच शिकलेला तो काय करील? मी शिकवलेला निदान ‘इथे काय घडवत होते?’ असं विचारेल. क्रमाबद्दलचं माझं मत मी बदलत नाही.