पॅरिश कौन्सिलचा कर वाढला, तो आनंदाने भरावा का?

पाऊलवाट :

ऑक्सफर्डशरमधल्या एका लहान गावात आम्ही नऊ वर्षं राहतो. गेल्या आठवड्यात पॅरिश कौन्सिलचा वर्षाचा अहवाल दारात आला. चार पानं. मैदानावरचे गंजलेले झोके बदलले. बस शेल्टरचं छप्पर नवं केलं. हॉलच्या भिंतीवरच्या डिफिब्रिलेटरची (हृदय बंद पडलं तर झटका देणारं यंत्र) बॅटरी बदलली. थंडीत दर बुधवारी हॉल गरम ठेवून सूप आणि चहा दिला. शेताकडे जाणाऱ्या पायवाटेवर कुंपण ओलांडायला लाकडी पायरी होती, ती काढून तिथे फाटक बसवलं. आणि शेवटच्या पानावर, यंदा प्रीसेप्ट, म्हणजे पॅरिशचा कर, वाढवल्याची नोंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वसईकरांना पॅरिश म्हटलं की धर्मग्राम आठवेल, पण ही चर्चची संस्था नाही. १८९४च्या कायद्याने इंग्लंडच्या खेड्यांतला हा कारभार चर्चकडून काढून निवडलेल्या माणसांकडे दिला. त्याच कायद्याने बायकांना, लग्न झालेल्यांनासुद्धा, तिथे मत देता आलं आणि उभंही राहता आलं. संसदेसाठी त्यांना पहिलं मत मिळायला १९१८ उजाडलं. आज अशा सुमारे १०,००० पॅरिश आणि टाउन कौन्सिल आहेत. पगार बहुधा फक्त क्लार्कला, तोही बऱ्याच ठिकाणी अर्धवेळ. सदस्य आपला वेळ फुकट देतात. खर्चासाठी कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत, जो छोटा वाटा जोडला जातो, तो प्रीसेप्ट.

माझं मत सरळ आहे. हा वाढीव कर मी आनंदाने भरणार. बाकीचा कौन्सिल टॅक्स कुठे जातो ते मला दिसत नाही, पण हे पैसे रोज दिसतात. त्या फाटकाचंच सांगते. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, तीन वर्षं त्या वाटेला गेल्या नव्हत्या, कारण पायरीवर पाय उचलत नव्हता. एप्रिलमध्ये काठी टेकत त्या ओढ्यापर्यंत जाऊन आल्या आणि मला हाक मारून सांगितलं. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलच्या, कुठल्या यादीत ही पायरी कधी वर आली असती?

ताळेबंद :

पाऊलवाट ताई, आजींचं वाचून बरं वाटलं. तरीही मी विरोधात आहे. मी सॉमरसेटमध्ये राहतो आणि हिशेब तपासणं हेच माझं काम आहे.

पहिली गोष्ट, मर्यादा. कौंटीला ठरावीक टक्क्यांच्या वर कर वाढवायचा तर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. पॅरिशला ती अट लागू केलेली नाही. ती प्रीसेप्ट दुप्पट करू शकते, आणि कुणी हात धरत नाही.

दुसरी, निवडणूक. तुमच्या कौन्सिलसाठी शेवटचं मतदान कधी झालं आठवतं का? बहुतेक गावांत जागा जितक्या, अर्ज तितके किंवा त्याहून कमी. मध्येच जागा रिकामी झाली आणि १० मतदारांनी मुदतीत लेखी मागणी केली नाही, तर उरलेले सदस्यच कुणाला तरी घेतात. म्हणजे कर बसवायचा अधिकार अशा माणसांकडे जातो ज्यांना कुणीच मत दिलेलं नाही. माणसं भली असतील, माझी तक्रार माणसांबद्दल नाहीच.

आणि तिसरी, जी मला खरी बोचते. सॉमरसेटमध्ये २०२३च्या एप्रिलमध्ये कौंटी आणि तिच्याखालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल एक झाल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच नव्या कौन्सिलने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. मग गावांना निरोप : स्वच्छतागृहं, बागा तुम्ही चालवा, नाहीतर बंद होतील. गावांनी ती घेतली आणि प्रीसेप्ट चढला. वरच्यांनी त्या बागेपुरता कर कमी केला का? नाही. एकाच बागेचे मी दोनदा पैसे देतो. डिसेंबर २०२४च्या सरकारी श्वेतपत्रिकेनंतर दोन स्तर मोडून एक करण्याचं हेच वारं तुमच्या ऑक्सफर्डशरकडेही आलं आहे. आज फाटकासाठी आनंदाने द्याल. उद्या तुमच्याकडून काय काय मागतील?

घाटमाथा :

मी सातारा जिल्ह्यात राहतो, ग्रामपंचायतीत दोन वेळा निवडून आलो. तुमचा वाद वाचताना सारखं वाटलं, तुमच्या हातात जे आहे त्याची किंमत तुम्हाला कळलेली नाही.

आमच्या पंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी असते, पण दर राज्याच्या नियमाच्या चौकटीत, आणि वसुली म्हणजे नात्यागोत्यातली भांडणं. मोठा पैसा वरून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी बांधील होता, पाणी आणि स्वच्छता यांवरच घालायचा. गावात पाणी असो, पण रात्री बाईला दवाखान्यात न्यायची सोय नसो, त्या ६० टक्क्यांतून एक रुपया तिकडे वळवता येत नव्हता. उरलेल्या ४० टक्क्यांचाही आराखडा करून तो आधी मंजूर करून घ्यायचा. पॅरिश कौन्सिल आपल्या गावाला काय हवं ते आधी ठरवते आणि तेवढा कर मागते. आमच्याकडे पैसा आधी येतो, मग त्याला बसेल असं काम शोधतात. माझ्या दुसऱ्या पंचवार्षिकात वस्तीला रस्ता हवा होता, आणि आम्ही गटाराचा ठराव केला, कारण पैसा गटाराचा होता. त्या ठरावावर माझीही सही आहे. अजून वाईट वाटतं.

ताळेबंद, एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. इथे वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात. कोरमला १५ टक्के मतदार किंवा १००, यात जो आकडा कमी असेल तो. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग वीस जणांत गावाचं वर्ष ठरतं. पण सभेला माणूस आला की काय होतं तेही बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाचा ठराव, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या पंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं.

लेस्टरकर :

आमच्या शहरात पॅरिश कौन्सिलच नाही, बहुतेक मोठ्या शहरांत नसते. गल्लीतला दिवा गेला तर सिटी कौन्सिलला फोन. लंडनमध्ये क्वीन्स पार्कच्या लोकांनी मागून घेतली आणि २०१४मध्ये ती निवडून आली. म्हणजे जास्त कर भरायची तयारी दाखवून लोकांनी स्वतःची कौन्सिल मिळवली. ताळेबंद यांनी याचाही विचार करावा.

माझा प्रश्न वेगळा. मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे. अशा ठिकाणी राहायला गेलो तर मला यात काही बोलता येईल का?

पाऊलवाट :

लेस्टरकर, नक्की येईल. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीरपणे इथे राहत असेल तर स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो, फक्त मतदारयादीत नाव हवं. कायम वास्तव्याची परवानगी असेल तर उभंही राहता येतं. मला हे सहा वर्षं माहीत नव्हतं. आपल्या मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी विचारते, निम्म्यांना माहीत नसतं. आपण इथे घरं घेतो, कर भरतो, मुलं त्याच झोक्यांवर खेळतात, आणि गावाच्या सभेला पाहुण्यासारखे बाहेर राहतो.

ताळेबंद, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोनदा पैसे घेणं चूक आहे. पण त्यासाठी पॅरिशला उपाशी ठेवायचं, हे मला पटत नाही. चूक वरच्यांची आणि शिक्षा बुधवारच्या सूपाला! बिनविरोध निवडीबद्दल तर मी उलटं म्हणेन. १० सह्या गोळा करणं अवघड नाही. ६ मतदार मिळून गावाची सभा बोलावू शकतात. ६ जणांनी लेखी मागितलं तर भाजी लावायच्या अलॉटमेंटचा विचार कौन्सिलला करावाच लागतो, हे १९०८च्या कायद्यापासून आहे. एवढी जवळची सत्ता दुसरीकडे कुठे आहे?

ताळेबंद :

अधिकार कागदावर आहेत, मान्य. पण वेळ बघा. प्रीसेप्टचा आकडा साधारण जानेवारीपर्यंत ठरतो. गावाची वार्षिक सभा १ मार्च ते १ जून या काळात. म्हणजे लोक जमून बोलतात तेव्हा कराची बिलं घरी आलेली असतात.

पाऊलवाट :

जानेवारीची बैठकही सगळ्यांना खुली होती. तीन दिवस आधी सूचना फलकावर लागली होती, आणि मी त्या फलकासमोरून रोज जाते. मी गेले नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, कारण फाटकासाठी टाळ्या वाजवणारी मीच, आणि आकडा ठरताना घरी बसलेली मीच.

घाटमाथा :

ताई, मग पुढच्या जानेवारीत एकट्या जाऊ नका, त्या आजींनाही घेऊन जा. आमच्याकडे महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घेतात. तिथे म्हाताऱ्या बायका जे बोलतात ते आम्हा सदस्यांना दहा बैठकांत सुचत नाही.

ताळेबंद :

आणि जानेवारीपर्यंत थांबूही नका. हिशेब बघायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. दर वर्षी ३० कामकाजाचे दिवस वह्या खुल्या ठेवाव्या लागतात आणि जुलैचे पहिले १० कामकाजाचे दिवस त्यात यावेच लागतात. जुलैमध्ये जा. क्लार्ककडे दोनच गोष्टी मागा : डिस्ट्रिक्टकडून वर्षभरात काय काय अंगावर घेतलं, आणि त्याबरोबर किती पैसे आले. दुसरा आकडा शून्य निघाला तर इथे लिहा. न निघाला तर तेही लिहा, मी माझं मत बदलेन.