एन लाइन आणि ‘खरी’ एन: बिल्ल्यामागे नेमके काय असते?

कात्रजकर:
घरी ह्युंदाई आय-२० एन लाइन घेण्याचे चालले आहे. माझ्या मित्राच्या मते हा निव्वळ लाल रेघांचा आणि बिल्ल्याचा खर्च आहे, कारण खरी ‘एन’, म्हणजे ह्युंदाईची पूर्ण ताकदीची वेगवान आवृत्ती, भारतात मिळतच नाही. कंपन्या एकाच नावाखाली अशा दोन-तीन पायऱ्या का करतात, आणि खालच्या पायरीवर ग्राहकाच्या हाती नक्की काय पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बोनेट उघडा:
मित्राचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. युरोपात विकल्या गेलेल्या आय-२० एनमध्ये १.६ लिटरचे टर्बो इंजिन होते आणि त्याची ताकद २०४ अश्वशक्ती होती. आपल्याकडच्या एन लाइनमध्ये १ लिटरचे, तीन सिलिंडरचे, १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आहे. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत या दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत. मात्र सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक आहे, स्टिअरिंग जड केले आहे, एक्झॉस्टचा आवाज वेगळा आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून पाहा: साध्या आय-२० ला तिथे ड्रम दिसेल. शिवाय २०२३ च्या बदलानंतर साध्या आय-२० मधून टर्बो इंजिनच काढून टाकले, त्यामुळे ते हवे असेल तर एन लाइनशिवाय पर्याय उरला नाही. याला नुसता बिल्ला कसे म्हणणार?

सरळ सहा:
ही उतरंड बीएमडब्ल्यूच्या वाटेने आलेली दिसते, आणि त्यात नवल नाही, कारण तिथल्या एम विभागात अनेक वर्षे काम केलेले आल्बर्ट बिअरमान २०१५ मध्ये ह्युंदाईत आले आणि २०१७ ची आय-३० एन त्यांच्या देखरेखीखाली घडली. एम म्हणजे बीएमडब्ल्यूचा मोटरस्पोर्ट विभाग, १९७२ चा. आज तिथे एम स्पोर्ट हा साज, एम-३४०-आयसारखी मधली पायरी आणि वर एम-३ अशी रचना आहे. चेन्नईत जुळणी होणाऱ्या एम-३४०-आयचे तीन लिटरचे इंजिन ३७४ अश्वशक्ती देते (२०२१ मध्ये आली तेव्हा ३८७), तर एम-३ कॉम्पिटिशनचे ५१०. पण खरा फरक आकड्यांत नाही. ट्रॅकवर ओळीने फेऱ्या मारताना तेल, पाणी आणि ब्रेक सगळेच तापते, आणि वरच्या पायरीचे बरेचसे पैसे त्या उष्णतेची सोय लावण्यात जातात. जो ट्रॅकवर कधी जाणारच नाही, त्याने ते का मोजावेत? माझ्या मते मधली पायरी हीच सर्वांत शहाणी असते.

चाकण फाटा:
एक उदाहरण आपल्या दारातले. एएमजी हा मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग. चाकणला जुळणी झालेल्या मर्सिडीज-एएमजी ए-३५ चे इंजिन ३०६ अश्वशक्तीचे होते. तिच्या वरच्या ए-४५ एसचे ४२१ अश्वशक्तीचे इंजिन मात्र जर्मनीत एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडत असे आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी असे. दोन्ही गाड्यांवर अक्षरे तीच, ‘एएमजी’.

उलट टाटांनी २०१८ मध्ये टियागोची जेटीपी ही वेगवान आवृत्ती आणली तेव्हा थेट ११४ अश्वशक्तीची गाडी दिली. नुसता साज देणारी स्वस्त पायरी खाली ठेवलीच नाही. २०२० मध्ये तो उपक्रम बंद झाला. खालच्या पायरीच्या विक्रीवर वरची तगते, असा माझा तर्क आहे.

कात्रजकर:
सर्वांचे आभार. रविवारी टेस्ट ड्राइव्ह आहे. मागची डिस्क तर पाहीनच, पण बाबांना मागच्या सीटवर बसवून आमच्या गल्लीतले तिन्ही गतिरोधक ओलांडणार आहे. कडक सस्पेन्शनचा निकाल तेच देतील.