मारुती ८००: मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला, ईझी-आउट मारू का?

पंचवटीकर:
२००३ ची गाडी आहे, वडिलांची, त्यामुळे भंगारात घालणार नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळाचं) गॅस्केट फुटलं म्हणून रविवारी खोललं. बाकीचे नट सुटले, पण खालचा एक स्टड (हेडमध्ये बसवलेला, डोकं नसलेला बोल्ट) नटासकट पिळून तुटला. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाहेर जेमतेम चार मिलिमीटर उरलाय. दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारतोय. व्हाइस ग्रिप (घट्ट धरून बसणारी पक्कड) नुसती घसरते. गॅरेजवाला म्हणतो, हेडच बदला.

सातपूरचा फिटर:
दादा, ईझी-आउटला हात लावू नका. तुटक्या स्टडात भोक पाडून उलटं फिरवायचं ते अवजार कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की साधं ड्रिल त्यावर चालतच नाही. माझ्या हातून एकदा तुटलंय. गिऱ्हाइकासमोर उभं राहायची लाज वाटली होती.
चार मिलिमीटर पुष्कळ झाले. त्यावर नट ठेवून भोकातून वेल्डिंग भरून घ्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला पोलादाचं वेल्डिंग चिकटत नाही. स्टड लाल होतो, आटे धरून बसलेला गंज तडकतो. लाली गेली की गरम असतानाच बुडाला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत शिरतं. मग पाना लावून आधी किंचित आवळा, मग सोडवा, परत आवळा. एका दमात ओढाल तर पुन्हा तुटेल. नट उपटला तर दुसरा लावा, धीर सोडू नका.
आधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलचा पाइप बंद करून बाजूला घ्या. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आच नको, काही क्लीनरचा धूर विषारी असतो.

नाशिकरोडवाला:
आटे गेले तरी हेड टाकू नका. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून मिळते. फक्त भोक सरळ पडलं पाहिजे, ते लेथवाल्याकडूनच करून घ्या.

पंचवटीकर:
काका, निघाला! अंबडला एका वेल्डरकडे गाडी टो करून नेली. तीन नट उपटले, चौथ्याला कर्र आवाज आला आणि स्टड हलला. पाव फेरा पुढे, पाव मागे, असं वीस मिनिटं चाललं. आटे शाबूत आहेत, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केले. आता सगळेच स्टड नवीन घालतोय. पुन्हा गंजून अडकू नयेत म्हणून कॉपर ग्रीस लावू ना?

सातपूरचा फिटर:
लावा, पण पातळ हाताने. ग्रीसमुळे नट हलका फिरतो आणि जास्त आवळला जातो, म्हणून टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) थोडा कमीवर ठेवा. इंजिन तापून पूर्ण गार झालं की एकदा सगळे नट तपासा.