ओव्हरड्राफ्ट फेडायला बिनव्याजी क्रेडिट कार्ड: लीड्सचा हिशेब बडोद्यात लागू पडतो का?

नवापुराकर

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करते. तिच्या बँक खात्यावर १,५०० पौंडांचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त उचललेल्या पैशांचे कर्ज, साचला होता. पैसे थेट खात्यात वळते करून देणारे शून्य टक्के व्याजाचे क्रेडिट कार्ड तिने घेतले, त्यासाठी चार टक्के म्हणजे ६० पौंड शुल्क मोजले आणि ओव्हरड्राफ्ट एका फटक्यात मिटवला. आता दरमहा १३० पौंड भरून बारा महिन्यांत ती मोकळी होईल.

ओव्हरड्राफ्ट माझ्यावरही आहे. पावसाळ्याआधी बडोद्याच्या नवापुऱ्यातल्या जुन्या घराचे छत उतरवून नवे घालावे लागले, तेव्हा पाच लाखांची मुदत ठेव न मोडता तिच्यावर दोन लाख उचलले. ठेवीला ७ टक्के व्याज मिळते, ओव्हरड्राफ्टला ८ टक्के पडते. दर महिनाअखेरीस पासबुकात तेराशे-साडेतेराशेची व्याजाची ओळ उमटते आणि ती पाहिली की माझे मन खट्टू होते. त्यातच माझे कार्ड ज्या बँकेचे आहे तिथून गेल्या आठवड्यात फोन आला की, कार्डाच्या मर्यादेतून दोन लाख खात्यात जमा करू आणि तीन महिने व्याज शून्य. हे घ्यावे असे माझे मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

जमाखर्च

मला पटत नाही. आपल्या मुलीचा निर्णय मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो तिथे का बरोबर आहे हे पाहिले की इथे तो का चुकतो हेही लक्षात येते. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरचे ठरावीक दैनंदिन आकार बंद केले आणि एकच वार्षिक व्याजदर लावायला सांगितले, त्यानंतर तिथल्या बऱ्याच मोठ्या बँकांनी तो दर ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. म्हणजे १,५०० पौंड वर्षभर तसेच राहिले असते तर सुमारे ६०० पौंड व्याज गेले असते, त्याऐवजी तिचे ६० गेले.

आपला दर ८ टक्के आहे. दोन लाखांवर तीन महिन्यांचे व्याज ४,००० रुपये होते. फोनवर शून्य टक्के व्याज सांगितले, पण प्रक्रिया शुल्क किती ते सांगितले का? ते अडीच टक्के धरले तर ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९००. चार हजार वाचवायला एकोणसाठशे द्यायचे, हा कुठला व्यवहार?

मांडवीचा व्यापारी

गणित बरोबर आहे, पण ते ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टचे आहे. प्रत्येकाकडे पाच लाखांची ठेव नसते. माझा दोन लाखांचा ओव्हरड्राफ्ट विनातारण, १५ टक्क्यांचा होता. नवरात्रीआधी माल भरला, उधारी दिवाळीनंतर वसूल होणार हे ठाऊक होते, म्हणून मी नेमके हेच केले. तीन महिन्यांचे व्याज ७,५०० झाले असते, कार्डाला ५,९०० दिले. वाचले ते सोळाशे, आणि सोळाशे रुपये मला रस्त्यावर सापडत नाहीत.

दुसरे असे की ओव्हरड्राफ्टला फेडीची तारीख नसते. आमच्या ओळखीत लोकांनी तो दहा-दहा वर्षे अंगावर बाळगला आहे, नुसते व्याज भरत. कार्डाची तारीख डोक्यावर टांगलेली असते, त्यामुळे माणूस फेडतो. नवापुराकरांनी तीन महिन्यांत फेडायचा निश्चय केलाच असेल, तर जास्तीचे एकोणीसशे ही शिस्तीची फी समजावी.

काउंटरपलीकडून

मी बत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून निवृत्त झाले आहे. डोक्यावर तारीख असली की माणूस फेडतो, हे विधान मला तरी अनुभवाने मान्य नाही. मी पाहिले ते असे: कार्डाच्या पैशाने ओव्हरड्राफ्ट शून्यावर आला की त्याची मर्यादा पूर्ण मोकळी होते, आणि दुसऱ्याच महिन्यात कुणाचे तरी लग्न निघते किंवा स्कूटर घ्यायची होते. मग उणे रकमा दोन्हीकडे दिसू लागतात. खाते शून्यावर आल्याबरोबर मर्यादा कमी करून घेण्याचा अर्ज देणारे ग्राहक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

तीन महिन्यांनंतर काय, तेही लिहिते. कार्डाचा नेहमीचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो. दोन लाखांवर एका महिन्याचे ७,००० आणि त्यावर जीएसटी १,२६०. व्यापारी महाशयांची उधारी एक महिना उशिरा आली असती तर सोळाशेची बचत पाच पटींनी उलटली असती. या दराला लगामही राहिलेला नाही. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मांडवीचा व्यापारी

बाई, उधारी उशिरा आली असती तर ओव्हरड्राफ्टमधूनच कार्ड भरले असते. त्यासाठीच तर मी मर्यादा मोकळी ठेवली होती. आपण ज्याला मोह म्हणता तीच माझी सुटकेची वाट होती.

काउंटरपलीकडून

हे मान्य करते. मात्र ती वाट तीन महिने न वापरता मोकळी ठेवणारे आपण अपवाद आहात.

नवापुराकर

सर्वांचे आभार. एकोणीसशे रुपयांची शिस्त मला परवडणारी नाही. मग एक वेगळा मार्ग विचारतो. घरखर्चाचे महिन्याचे चाळीस हजार कार्डावर टाकावेत, निवृत्तिवेतन ओव्हरड्राफ्टच्या खात्यात तसेच पडू द्यावे आणि देय तारखेला कार्डाचे पूर्ण बिल भरावे. हे कसे वाटते?

जमाखर्च

हा खरा बिनव्याजी वापर. ओव्हरड्राफ्टचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते, त्यामुळे चाळीस हजार सरासरी महिनाभर खात्यात राहिले तर ८ टक्क्यांनी महिन्याला सुमारे २६७ रुपये वाचतात. मोठी कमाई नाही, पण यात शुल्क नाही. फक्त एटीएममधून कार्डावर रोख काढू नका. रोख उचलीला सहसा बिनव्याजी मुदत नसते, त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वर उचलीचे शुल्क वेगळे.

काउंटरपलीकडून

एका अटीवर माझीही हरकत नाही. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापून घेण्याची सूचना बँकेला लेखी द्या आणि त्यात ‘किमान देय रक्कम’ नव्हे, ‘एकूण देय रक्कम’ यावर खूण करा. त्या अर्जात दोन चौकोन शेजारी शेजारी असतात आणि घाईत पहिल्यावरच खूण होते. किमान रक्कम भरून उरलेले बिल थकवले तर जुन्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते, शिवाय नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. मग २६७ रुपये वाचवण्याचे वर्षभराचे कष्ट एका बिलात वाहून जातील.

मांडवीचा व्यापारी

२६७ रुपयांसाठी भाजीवाल्यापासून औषधांपर्यंत सगळे कार्डावर? माझ्या मते ठेवीतले दोन लाख मोडा आणि मोकळे व्हा. ७ मिळवून ८ देणे, वर त्या ७ वर आयकर, यात ठेव सांभाळल्याचे समाधान तेवढे आहे.

नवापुराकर

ठेव आमच्या दोघांच्या नावे आहे, पाच महिन्यांनी पुरी होते आणि मुदतीआधी मोडली तर व्याजदर एक टक्क्याने कमी होतो. शिवाय सौ. त्या ठेवीला हात लावू देणार नाहीत, हे आकडेमोडीत धरावेच लागेल. पाच महिने घरखर्च कार्डावर चालवतो, ठेव हाती आली की ओव्हरड्राफ्ट बंद करतो.

कार्डवाल्यांचा आज पुन्हा फोन आला होता. प्रक्रिया शुल्काचा आकडा लेखी पाठवा, असे मी सांगितले. तासाभराने संदेश आला: “आकर्षक शून्य टक्के योजना. प्रक्रिया शुल्क लागू.” त्यात आकडा नव्हता.