लुइझियानात गुळी (नीळ) कंपनीच्या राज्यात का जमली नाही?

पाटाचं_पाणी:
उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीबद्दल, लुइझियानाबद्दल, वाचताना एक गाठ सुटत नाही. १७१७ ते १७३१ फ्रेंच व्यापारी कंपनीचं राज्य. जमीन मुबलक, मिसिसिपी दाराशी, १७१९ पासून आफ्रिकेतून गुलाम उतरवले जात होते. तरी सगळा भर तंबाखूवर, आणि गुळीचा जम बसला तो राजाचा थेट अंमल आल्यावर. अडलं कुठे? शेतात, हौदात की कचेरीत? आणि हौदाचं काम नेमकं कसं चालायचं? "पाला कुजवून रंग काढत" एवढ्यावरच सगळे उरकतात.

रवा_धरला:
हौदाचं सांगतो, कारण माल बिघडतो तो तिथेच.

तीन हौद, पायऱ्यांसारखे एकाखाली एक, म्हणजे मधे पाणी उपसायला नको. फुलोरा धरू लागला की पाला कापायचा आणि त्याच दिवशी वरच्या हौदात घालायचा. ढीग करून ठेवला तर आतून तापतो आणि रंग तिथेच जातो. पाल्यावर आडव्या फळ्या टाकून वाशांनी दाबायचं, नाहीतर आंबताना तो फुगून वर येतो. पाला बुडेल इतकं पाणी. कडक उन्हाळ्यात दहा-बारा तास, गार हवेत वीसही लागतात. घड्याळावर भरवसा ठेवून चालत नाही. पानात तयार निळा रंग नसतोच, बिनरंगी इंडिकन असतं. आंबताना त्यातली साखर सुटते, इंडॉक्सिल पाण्यात उतरतं आणि हवा लागली की निळं होतं. पाणी लवकर सोडलं तर अर्धा रंग चोथ्याबरोबर फेकला जातो. उशीर झाला तर पाला सडतो, गाळ काळा आणि चिकट होतो, गाळताना फडकं बुजतं.

दुसऱ्या हौदात ते हिरवट-पिवळं पाणी लांब दांड्यांना लावलेल्या बिनबुडाच्या बादल्यांनी बडवायचं, दीड-दोन तास तरी. फेस फार चढला तर थोडंसं तेल. पारख चांदीच्या वाटीत: घोटभर पाणी घेऊन वाटी तिरकी करायची. रवा, म्हणजे रंगाचे निळे कण, तळाशी सुटा घरंगळतोय आणि वरचं पाणी सोनेरी, निवळ दिसतंय, की हात थांबवायचे. पाणी हिरवं असेल तर अजून बडवायचं. पण जास्त बडवलं तर धरलेला रवा फुटतो आणि मग काही केल्या खाली बसत नाही. सगळा हौद वाया.

पुढचं सोपं. निवळ पाणी वेगवेगळ्या उंचीच्या तोट्यांतून वरून खाली सोडत जायचं, गाळ तिसऱ्या हौदात, तिथून कापडी पिशव्यांत निथळत टांगायचा, मग उथळ खोक्यांत सावलीत वाळवून वड्या पाडायच्या. उन्हात ठेवली तर तडकते. शंभर किलो ओल्या पाल्यामागे सहसा अर्ध्या किलोच्या आतच हाती येते.

जुनी_दप्तरं:
वरचं सगळं मान्य, पण दुखणं कचेरीत जास्त होतं.

फ्रान्स इंग्रजांच्या वसाहतींतला तंबाखू विकत घेत होता. तो पैसा वाचवायचा म्हणून कंपनीने डाव लावला मिसिसिपीकाठच्या नॅचेझ ठाण्यावर. तिथल्या फ्रेंच कमांडंटने मूळच्या नॅचेझ लोकांचीच जमीन मागितली आणि २८ नोव्हेंबर १७२९ ला त्यांनी ठाणं उलथवलं. दोनशेहून जास्त फ्रेंच मारले गेले. १७३१ मध्ये कंपनीने वसाहत राजाच्या हवाली केली.

आता हिशेब बघा. तंबाखूला वाळवायला छप्पर पुरतं. गुळीला पहिल्या कापणीआधी हौद, छप्पर आणि आंबवण ओळखणारा माणूस लागतो, आणि बडवायला एकाच वेळी बरेच हात. ते हात कंपनी उधारीवर विकायची, बाहेरचा माल तीच विकायची आणि पीकही तीच घ्यायची. दोन्ही टोकांना एकच सावकार असताना हौदात पैसा कोण घालणार? जेझुइटांसारख्या (कॅथलिक पाद्रींचा एक पंथ) धनिकांना ते परवडलं. न्यू ऑर्लिन्सलगतच्या त्यांच्या मळ्यातल्या बोबुआ पाद्रींना गुळी आणण्याचं श्रेय सहसा दिलं जातं.

१७१९ ते १७३१ मध्ये सुमारे ६,००० आफ्रिकी माणसं आणली गेली, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगांबियातून, जिथे निळीत कापड रंगवणं जुनंच होतं. त्यानंतर फ्रेंच अंमल संपेपर्यंत गुलामांचं एकच जहाज आलं, १७४३ मध्ये. म्हणजे राजाच्या काळातली गुळी आधीच आणलेल्या या लोकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या अंगमेहनतीवर उभी राहिली. १७२४ च्या 'कोद न्वार'मध्ये, म्हणजे गुलामांविषयीच्या फ्रेंच कायद्यात, रविवारी काम घ्यायला मनाई होती. आंबवण मात्र रविवार पाळत नाही.

राजाच्या अंमलातही कारभाराला दोन तोंडं होती: फौज आणि मूळ रहिवाशांशी बोलणी गव्हर्नरकडे, कोठार आणि पैसा ओर्दोनातर नावाच्या अधिकाऱ्याकडे. दोघंही एकमेकांच्या तक्रारी व्हर्सायला लिहीत. फक्त व्यापाराची मक्तेदारी गेली होती, आणि गुळीला तेवढं पुरलं.

नदीकाठ:
शेताचं थोडं. सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, हिम पडत नाही, म्हणून कापण्या जास्त. लुइझियानात थंडी झाड मारते: दरसाल नवं बी, वसंतात पेरणी, दोन-तीन कापण्या. जमीन आर्पांच्या हिशेबाने मिळे (एक आर्पां साधारण ५८.५ मीटर), नदीकडे अरुंद आणि मागे लांबलचक. समोरचा नदीचा बांध ज्याने त्याने राखायचा. तो फुटला की पेरणीच वाहून जाई. त्यातून सुरुवातीची खुरपणी चुकली तर तण रोपांना गिळतं.

पाटाचं_पाणी:
आभार सगळ्यांचे. चुना कधी घालायचे?

रवा_धरला:
बडवताना, चुन्याची निवळी, बेतानेच. रवा लवकर धरतो. जास्त झाली तर चुना रव्याबरोबर खाली बसतो, वजन वाढतं आणि वडी राखाडी पडते. काही जण वजनासाठी मुद्दामच करत, वाळूही मिसळत. घेणारेही बेरकी: वडी नखाने घासली की तांब्यासारखी चमक यायला हवी, पाण्यावर ती तरंगायला हवी, आणि तुकडा जाळला तर राख अगदी थोडी उरायला हवी.