ट्रॅक्टरचा एसी आणि घरचा ग्रुप

दादा (देवगड): मंडळी, केबिनवाल्या ट्रॅक्टरचा एसी गार करत नाहीये, सकाळी जरा बरा वाटतो पण अकरा वाजले की नुसती गरम हवा, आणि मोहोरावर फवारणी चालू आहे त्यामुळे काच उघडता येत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय भरून घ्या. मागच्या सीझनला पण भरलेला

मामा (मालवण): आधी फिल्टर काढून बघ रे, उंदरान घर केल्यान असतला

भाऊ (कुडाळ): दादा थांब, भरू नको. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, तोच तोच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय आणि ते शोधल्याशिवाय भरलास तर पुढच्या सीझनला परत हेच. पण सकाळी गार दुपारी गरम हे ऐकून मला पहिला संशय गॅसचा येत नाही. गरम होतं तेव्हा हवेचा जोर कमी होतो का?

दादा: नाही, जोर तेवढाच. फिल्टर पण झटकलेत

भाऊ: मग आतल्या थंड कॉइलवर बर्फ धरत नाहीये, बर्फ धरला की हवाच येईनाशी होते. आता पुढची जाळी काढून कंडेन्सरचा, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचा, फोटो टाक

दादा: 📷 पिवळं पिवळं काय बसलंय

भाऊ: मोहोरावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारता ना, तेच. आपल्याकडे खारी दमट हवा, त्यात गंधकाची पावडर आणि धूळ बसली की थर धरतो, मग कंडेन्सरची उष्णता बाहेर जाणार कुठे. गॅसचं प्रेशर चढतं आणि प्रेशरचा स्विच एसीच्या कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच सोडून देतो. इंजिनच्या बाजूने बाहेर असा हवेचा फवारा मार, मग साध्या पाण्याने धू. वॉशिंगवाल्या प्रेशरने अजिबात नको, कंडेन्सरचे पातळ पत्रे आडवे होतील. मागच्या रेडिएटरमध्ये पण तेच अडकलेलं असणार

छोटू (गुहागर): आमच्याकडे एकजण एलपीजी भरून देतो, स्वस्त पडतं

भाऊ: छोटू ते कुणालाच सुचवू नकोस, मनापासून सांगतोय. बंद केबिन, आत गळला तर एका ठिणगीचं काम. दादाच्या ट्रॅक्टरला स्टिकरवर १३४ए लिहिलेलं आहे, तोच गॅस आणि त्यालाच चालणारं ऑइल. खूप जुन्या परदेशी ट्रॅक्टरांना आर-१२ असायचा, ओझोनमुळे तो बंद झाला, त्यात हा असाच ओतून चालत नाही, ऑइल वेगळं आहे

वहिनी: भाऊजी, केबिनमध्ये पायाशी पाणी पण येतं हो, ते गॅसचं का?

भाऊ: नाही वहिनी, ते हवेतलं पाणी, खाली जायची नळी तुंबलीय. तार घालून मोकळी करा. आणि फवारताना मास्क काढू देऊ नका दादाला, साधा फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही

दादा: धुतलं. आता बराच वेळ गार राहतोय पण मध्येच क्लच सुटतो

भाऊ: इंजिन बंद, चावी ऑन, एसी चालू करून कान दे, क्लचचा टक् आवाज आला पाहिजे. कधी येतो कधी नाही असं असेल तर क्लचच्या वायरची पिन काढून बघ

दादा: हिरवी झालीय पूर्ण

भाऊ: खारी हवा. ब्रशने घास, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, तरी नाही तर पिनच बदल. मग गॅसचं प्रेशर दाखवणारं गेज लावून घे. इंजिन बंद असताना ३० डिग्रीला दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास दिसले म्हणजे गॅस पुरेसा असं समजू नको हं, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी तेवढंच दाखवतो, बरेचजण इथेच फसतात. चालू करून बघायचं. लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी) ३०-४० आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारी) २००-२५० च्या मध्ये म्हणजे ठीक. दोन्ही कमी असतील तर गळती, जॉइंटला तेलकट डाग शोध, साबणाचा फेस लाव

मामा: आणि गरम पाण्याचा कॉक बघितलंस? हिटरचो

भाऊ: मामा बरोबर! दादा, हिटरकडे जाणारा पाइप हाताला लावून बघ, कॉक बंद असूनही गरम लागला तर गरम पाणी आत फिरतंय, मग एसी चांगला असला तरी हवा कोमटच येणार

दादा: पाइप थंड आहे. पिन घासली, क्लच लागतोय. गेज उद्या

भाऊ: गळती सापडून पाइप उघडावा लागला तर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) नवीन टाक, जॉइंटची ओ-रिंग नवीन, आणि निदान अर्धा तास व्हॅक्युम करून आतली हवा काढ, मेकॅनिक कितीही घाई करू दे, आत राहिलेली पाण्याची वाफ कॉम्प्रेसर खाते. मग स्टिकरवर जेवढा लिहिलाय तेवढाच गॅस, वजन करून

दादा: ठीक. रीडिंगचे फोटो टाकतो