रेझिनचं मॉडेल १०० टक्क्यांकडे जातं, मोजमाप ६२ वरच थांबतं

रेणुवेल:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दातात भरायचं लाइट-क्युअर (प्रकाशाने कडक होणारं) रेझिन कसं कडक होतं याचं मॉडेल करतेय. बिस-जीएमए आणि टेगडीएमए हे दोन मोनोमर (जोडले जाणारे छोटे रेणू) ७०:३०, त्यात प्रकाशाने क्रिया सुरू करणारे कॅम्फरक्विनोन आणि अमाइन. फिलर (भरणीची पूड) नाही. एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपट मोजणारं यंत्र) दुहेरी बंधाचा १६३७ सेंमी⁻¹ चा पीक १६०८ च्या अरोमॅटिक पीकशी ताडून कन्व्हर्जन (रू), म्हणजे किती दुहेरी बंध वापरले गेले तो अंश, काढते.

समीकरण: वेग = क × √प्रकाश × (१ − रू), क हा वेगस्थिरांक. याप्रमाणे वेग पहिल्याच क्षणी सर्वांत जास्त हवा. माझ्या आलेखात सुरुवातीला काहीच हालचाल नाही, मग वेग चढतो आणि एकदम पडतो. दोन आठवडे क बदलून पाहतेय, जुळत नाही.

जुनासाचा:
क बदलून हे सुटणार नाही, कारण तो स्थिर धरलाय हीच अडचण आहे. मीही याच जागी बरेच महिने अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वर्गमूळ येतं ते दोन रॅडिकल (साखळी वाढवणारी क्रियाशील टोकं) एकमेकांना भेटून संपतात म्हणून. भेटायला दोघांना सरकावं लागतं. पण हे मोनोमर दोन्ही टोकांनी जोडले जातात, त्यामुळे अगदी कमी कन्व्हर्जनलाच जाळं तयार होतं आणि रॅडिकल त्या जाळ्यात अडकतात. छोटे मोनोमर मात्र अजून फिरत असतात, ते येऊन जोडले जातात. म्हणजे संपणं मंदावलं, वाढणं चालू. तुमचा चढ तो हा. पुढे जाळं काचेसारखं घट्ट झालं की मोनोमरही हलत नाहीत आणि वेग कोसळतो. खोलीच्या तापमानाला ६२ अगदी रास्त आहे, साधारण ५५ ते ७५ मध्येच ही रेझिनं थांबतात.

नुसता आलेख जुळवायचा असेल तर: वेग = क × रू^म × (रूकमाल − रू)^न. रूकमाल म्हणजे रू जिथे थांबतो ती किंमत, म आणि न जुळवून काढायचे घातांक. रू शून्यापासून सुरू केलात तर वेगही शून्यच राहील, सॉल्व्हर (समीकरण सोडवणारा प्रोग्राम) जागचा हलणार नाही. सुरुवातीला ०.००१ सारखं बीज द्या.

पण हे फक्त जुळवणं झालं. दिवा बदलला की सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील. मला विचाराल तर कॅम्फरक्विनोन, रॅडिकल आणि दुहेरी बंध यांची तीन वेगळी समीकरणं लिहा आणि वाढण्याचा आणि संपण्याचा असे दोन्ही वेगस्थिरांक रू वर अवलंबून ठेवा. कष्ट जास्त आहेत, पण अंदाज वर्तवायची ताकद त्यातच आहे.

दंतवैद्य_क:
मी प्रॅक्टिस करते, गणित फारसं येत नाही. दर चौरस सेंमी १००० मिलीवॅटच्या दिव्याने २० सेकंद, की चौपट ताकदीच्या दिव्याने ५ सेकंद? ऊर्जा तर तेवढीच ना?

जुनासाचा:
डॉक्टर, ऊर्जा तेवढीच, २० ज्यूल दर चौरस सेंमी. पण वर्गमुळाचा नियम धरला तर चौपट प्रकाशात वेग दुप्पटच होतो आणि वेळ पाव होतो, म्हणजे काम निम्मं. प्रत्यक्षात जाळं घट्ट झाल्यावर हा घातांक अर्ध्यावरून वर सरकतो, दिवा बंद केल्यावरही क्रिया थोडी चालू राहते, त्यामुळे फरक इतका मोठा नसतो. तरी ‘ऊर्जा सारखी तर परिणाम सारखा’ हे गृहीत धरू नका. शिवाय थरात जसं खोल जावं तसा प्रकाश घातांकी दराने घटतो. दोन मिलीमीटरच्या थराचा तळ हीच काळजीची जागा. वरून तपासाल तर कडकच लागेल.

दंतवैद्य_क:
पटलं. @रेणुवेल, नमुना उघडा ठेवता का? आमच्याकडे भरलेल्या थराचा वरचा पापुद्रा हवेमुळे चिकट राहतो, म्हणून मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी दाबून क्युअर करतो.

रेणुवेल:
हो, उघडाच होता! पातळ थर, वर काहीच नाही. म्हणजे सुरुवातीचे ते रिकामे सेकंद ऑक्सिजन रॅडिकल खात होता आणि मी ते क मध्ये बसवायला बघत होते. बीज देऊन सॉल्व्हर चालला, रूकमाल ०.६२ ठेवल्यावर शेपटी छान बसली. उद्या मायलरखाली पुन्हा मोजते, मग तीन समीकरणांना हात घालते.